कवच कोणासाठी?



मुंबईच्या रस्त्यावर कधी कधी फिकट निळ्या नंबरप्लेटची गाडी दिसते. त्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सीडी’, ‘सीसी’ किंवा ‘यूएन’ असे लिहिलेले असते. पहिल्या दोन प्रकारच्या गाड्या परदेशी वकिलातींच्या, तिसरी संयुक्त राष्ट्रसंघाची. आम्ही काही जण एकदा कामानिमित्त शहरात गेलो असताना सिग्नलला अशीच एक गाडी आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. आमच्यातला एक जण म्हणाला, “ह्यांच्यावर आपल्या कोर्टात केस चालत नाही.” दुसऱ्याने लगेच विचारले, “आणि ह्यांच्या गाडीखाली कोणी सापडला तर?”

प्रश्न गमतीने विचारला होता, पण आमच्यापैकी कोणालाच त्याचे उत्तर देता आले नाही. पुढे ह्या विषयावर थोडे वाचन केले, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न एका गाडीपुरता नाही. चांगले काम करणाऱ्या संस्थेच्या हातून एखाद्याचे नुकसान झाले आणि कायदा त्या संस्थेला कोर्टात उभे करू शकत नसेल, तर त्या माणसाने कोणाकडे पाहायचे? आज ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करूया.

प्रथम, हे संरक्षण दिले गेले ते का, हे समजून घ्यायला हवे. दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ साली, संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली. सनदेच्या १०५व्या कलमात म्हटले आहे की संघटनेला तिचे उद्देश पार पाडण्यासाठी आवश्यक तेवढे विशेषाधिकार आणि संरक्षण प्रत्येक सदस्य देशात मिळेल. मग १३ फेब्रुवारी १९४६ रोजी महासभेने त्याचा सविस्तर करार मंजूर केला. संघटनेवर, तिच्या मालमत्तेवर व पैशावर कोणत्याही देशाचे न्यायालय कारवाई करणार नाही, तिच्या कचेऱ्यांत पोलीस शिरणार नाहीत, तिची कागदपत्रे कोणी जप्त करणार नाही, अशी हमी त्यात आहे. संघटनेने स्वतःहून हे संरक्षण सोडले तरच कारवाई होऊ शकते. आपल्या देशानेही १९४७ साली ह्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कायद्याच्या भाषेत ह्याला ‘उन्मुक्ती’ म्हणतात. आपण सोप्या शब्दांत कवच म्हणूया.

हे कवच हवेच, ह्याविषयी आम्हाला शंका नाही. ज्या संघटनेला स्वतःची भूमी नाही, तिला नेहमी कोणाच्या तरी अंगणातच काम करावे लागते. अंगणाचा मालक रागावला तर तो तिच्या माणसाला तुरुंगात टाकू शकतो. मलेशियातील एक वकील परम कुमारस्वामी ह्यांचे उदाहरण घ्या. न्यायाधीश व वकील ह्यांच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवण्याचे काम संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांच्यावर सोपवले होते. १९९५ साली एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत ते आपल्याच देशातील काही खटल्यांविषयी बोलले. त्यावरून त्यांच्यावर मलेशियाच्या न्यायालयात अब्रूनुकसानीचे मोठमोठे दावे लावण्यात आले. प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. २९ एप्रिल १९९९ रोजी त्या न्यायालयाने मत दिले की ते शब्द सोपवलेल्या कामाचा भाग म्हणून बोलले गेले, म्हणून त्यांना संरक्षण आहे. हे कवच नसते तर उद्या खरे बोलायला कोण पुढे आला असता?

परंतु त्याच मतात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली. कवच ही एक बाब आहे आणि नुकसानीची भरपाई ही दुसरी बाब आहे. संघटनेच्या किंवा तिच्या माणसांच्या कृतीने कोणाचे नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी संघटनेवर येऊ शकते. फक्त त्याचा निवाडा देशाच्या कोर्टात होणार नाही, दुसऱ्या मार्गाने होईल.

हा दुसरा मार्ग १९४६ च्या करारातच सांगितलेला आहे. ज्यांना कोर्टात जाता येणार नाही, त्यांच्या तक्रारी मिटवण्याची योग्य सोय संघटनेने करावी, असे त्याचे २९वे कलम सांगते. विसावे कलम तर अधिक स्पष्ट आहे. हे विशेषाधिकार अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायद्यासाठी नाहीत. एखाद्याच्या कवचामुळे न्यायाला अडथळा येत असेल आणि संघटनेच्या हिताला धक्का न लावता ते काढता येत असेल, तर ते काढून घेणे हा सरचिटणीसांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. आणि आमच्या मित्राच्या त्या प्रश्नाचे उत्तरही आम्हाला तेथेच सापडले. ज्या दिवशी महासभेने हा करार मंजूर केला, त्याच दिवशी तिने संघटनेच्या मोटारींचा विमा उतरवण्याविषयीही ठराव केला, म्हणजे गाडीखाली कोणी सापडला तर त्याला भरपाई मिळावी. कवच देणाऱ्यांना ते कवच कोणाला तरी जड जाईल, ह्याची जाणीव पहिल्या दिवसापासून होती.

मग हैतीमध्ये काय झाले?

हैती हा कॅरिबियन समुद्रातील एक गरीब देश. तेथे कॅथलिक लोकांची संख्या मोठी आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे भयंकर भूकंप झाला. राजधानीतील कॅथेड्रल कोसळले, तेथील आर्चबिशपही त्या दिवशी मरण पावले. संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना २००४ पासून त्या देशात होती. तिचे मुख्यालयही पडले आणि संघाचे शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण पुढची गोष्ट दुष्ट लोकांची नाही. मदतीला गेलेल्या आणि स्वतःची माणसे गमावलेल्या लोकांची ती गोष्ट आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मिरबाले गावाजवळच्या छावणीत नेपाळहून सैनिकांची नवीन तुकडी आली. छावणीतील मैलापाण्याची व्यवस्था धड नव्हती. घाण जवळच्या ओढ्यात गेली आणि तेथून आर्तिबोनित नदीत. नदीकाठचे लोक त्याच पाण्यात कपडे धूत, आंघोळ करीत आणि तेच पीत. काही दिवसांतच माणसे जुलाब-वांतीने पटापट मरू लागली. तो कॉलरा होता. आपल्या आजीआजोबांच्या तोंडी ज्या रोगाचे नाव ‘पटकी’ होते, तोच. हैतीमध्ये निदान शंभर वर्षे तरी ह्या रोगाची नोंद नव्हती, त्यामुळे लोकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. पुढील वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार मेले.

त्या सैनिकांना बोल लावण्याचे कारण नाही. आपण रोग घेऊन आलो आहोत, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्याइतकेच आपल्या देशाचे जवानही अशा मोहिमांवर जातात. आजवर दोन लाखांहून अधिक भारतीय जवानांनी शांतिसेनेत सेवा दिली आहे. चूक झाली ती व्यवस्थेची: सैनिकांची पुरेशी तपासणी झाली नाही आणि छावणीचे सांडपाणी नीट हाताळले गेले नाही. संघाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०११ च्या मे महिन्यात अहवाल दिला, तेव्हा त्यांनीही कोणा एकाला दोषी धरले नाही. मात्र हा रोग दक्षिण आशियातील प्रकारचा आहे आणि तो माणसांच्या मैल्यातून त्या ओढ्यात आला, हे त्यांनी सांगितले. दोन वर्षांनी त्याच तज्ज्ञांनी छावणी हाच सर्वांत संभवनीय उगम असल्याचे लिहिले.

नोव्हेंबर २०११ मध्ये पाच हजार हैतीवासीयांनी संघाकडे अर्ज केला. त्यांच्या मागण्या तीन होत्या: नुकसानभरपाई, देशासाठी स्वच्छ पाणी व सांडपाण्याची सोय, आणि जाहीर माफी. अशा तक्रारी ऐकण्यासाठी एक आयोग नेमायचा, असे हैतीशी झालेल्या २००४ च्या करारात लिहिले होते. तो आयोग कधी नेमलाच गेला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर आले की ह्या मागण्या संघाच्या धोरणांशी संबंधित असल्याने त्या स्वीकारता येत नाहीत. मग लोक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१५ साली दावा फेटाळला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अपीलही फेटाळले गेले. कारण एकच, कवच. कायद्याच्या दृष्टीने ते निकाल चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या घरातील आई नदीवरून पाणी आणून ते प्यायली आणि संध्याकाळपर्यंत गेली, त्या घराला ह्या उत्तरात काय मिळाले?

अखेर १ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून ह्यांनी महासभेत हैतीच्या जनतेची माफी मागितली. भाषणाची सुरुवात त्यांनी हैतीच्या लोकांच्या क्रिओल भाषेत केली. रोगाच्या साथीबाबत आम्ही पुरेसे केले नाही, अशी कबुली त्यांनी दिली. रोग आमच्यामुळे आला, असे मात्र ते स्पष्टपणे म्हणाले नाहीत. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पण तिच्यासाठी देशांनी दिलेला पैसा त्या रकमेचा अगदी लहान भाग होता. माफी यायला सहा वर्षे लागली. २०१९ नंतर थांबलेला कॉलरा ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या देशात पुन्हा उद्‌भवला.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. कोणी म्हणेल, उद्या प्रत्येक जण दावा लावू लागला तर शांतिसेनेचा पैसा वकिलांच्या खिशात जाईल. खर्चाला घाबरून श्रीमंत देश मोहिमांना पैसा देणार नाहीत आणि पुढच्या भूकंपात मदतीला कोणीच जाणार नाही. ह्या भीतीत तथ्य आहे. आम्हीही त्यावर बराच वेळ बोललो. पण ही भीती फार तर एवढेच सांगते की भरपाई किती द्यावी आणि कोणी ठरवावी, ह्याचा नीट विचार करावा. तक्रार ऐकूच नये, चूक कबूल करू नये, असे त्यातून निघत नाही. माफी मागायला पैसे लागत नाहीत. ती लगेच मागता आली असती.

आपल्याकडे हातउसने पैसे देण्याची रीत आहे. कागद नाही, सही नाही, केवळ शब्द. दिलेले पैसे वसूल करण्यासाठी कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत टळली की कोर्ट दावा ऐकत नाही. समजा, एखाद्याने चौथ्या वर्षी शेजाऱ्याला सांगितले, “आता मुदत गेली, तुझे माझे काही देणे नाही,” तर आपण त्याला काय म्हणू? तो कायद्याने सुटला हे खरे, पण गावात कोणी त्याला प्रामाणिक म्हणणार नाही. कोर्टाचे दार बंद झाले म्हणून देणे फिटत नाही. उलट, आता ते देणे पूर्णपणे त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर येऊन पडते. कवचाचेही तसेच आहे, असे आम्हाला वाटते. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याने स्वतःला अधिक कठोरपणे जाब विचारला पाहिजे.

हा प्रश्न केवळ दूरच्या बेटाचा नाही. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, गुजरातमधील मुंद्रा येथे ४,००० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प उभा राहिला. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८ साली त्यासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यामुळे किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, कोळशाची राख सुकत घातलेल्या मासळीवर व शेतावर बसते, असे तेथील मच्छीमार व शेतकऱ्यांचे म्हणणे होते. महामंडळाच्याच तक्रार निवारण कार्यालयाने २०१३ साली देखरेखीत त्रुटी राहिल्याचे नोंदवले. तरी हालचाल होईना, तेव्हा २०१५ साली ते लोक वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने सांगितले की अशा संस्थांचे कवच अमर्याद नाही. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी हा मोठा दिवस होता. पण पुढे खालच्या न्यायालयांनी ठरवले की तक्रारीचे मूळ भारतात घडले आहे, म्हणून ह्या प्रकरणात कवच कायम राहते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ऐकण्यास नकार दिला. ज्यांनी आपल्या घरात होडी आणि जाळे पाहिले आहे, त्यांना ह्या सात वर्षांचे ओझे अधिक सांगायला नको.

इतरांकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. परमपीठालाही आंतरराष्ट्रीय कायद्यात स्थान आहे आणि पोप महोदयांच्या राजदूतांनाही असेच कवच असते. फ्रान्समधील अशा एका राजदूतावर काही पुरुषांनी अशोभनीय स्पर्शाचे आरोप केले, तेव्हा जुलै २०१९ मध्ये परमपीठाने त्यांचे कवच काढून घेतले. खटला चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. हे वाचताना आम्हाला लाज वाटली आणि थोडा धीरही आला. आपल्या घरात नेहमी असेच घडत आले आहे, असे म्हणण्याचे धाडस मात्र आम्ही करणार नाही.

शुभवर्तमानातील जक्कय आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो बुटका होता आणि झाडावर चढला, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण तो जकातदारांचा प्रमुख होता आणि त्याच्यामागे रोमची सत्ता होती, हे आपण विसरतो. त्याने ज्यांना लुबाडले, ते त्याला कोणत्या कोर्टात खेचणार होते? त्याचे कवच मजबूत होते. तरीही त्याने आपणहून उभे राहून चौपट परत देण्याची तयारी दाखवली. कोणी समन्स काढले नव्हते.

आता एक घरातलीच गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी सणाच्या तयारीत आमच्या समितीने उभारलेली लोखंडी कमान वाऱ्याने पडली आणि बाजूला फुगे-खेळणी विकायला बसलेल्या एका मावशीचा पाय मोडला. त्याच रात्री समितीची बैठक झाली. “आपण काय पगार घेतो का? सेवाच करतो ना?” असे कोणी म्हणाले. “आज हिला दिले तर उद्या सगळेच मागतील,” असे दुसऱ्याने म्हटले. “ती काही केस करणार नाही,” असेही एकजण म्हणाला, आणि आम्हा सर्वांना मनातून बरे वाटले, हे कबूल केलेच पाहिजे. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

पुढच्या बैठकीत आमच्यातील एक वयस्कर सभासद हळूच म्हणाले, “ती केस करणार नाही, म्हणूनच आपण जायला हवे. केस करणारी असती तर वकिलाने आपल्याला नेलेच असते.” मग आम्ही दवाखान्याच्या खर्चाचे पैसे घेऊन तिच्या घरी गेलो. मावशीने पैसे मोजलेही नाहीत. ती एवढेच म्हणाली, “पैशांचं राहू द्या, बाबांनो. पण वीस दिवस झाले, तुमच्यातलं कोणी दारात आलं नाही.”

तिने दिवस मोजले होते. हैतीच्या लोकांनी वर्षे मोजली.

आपल्यापैकी पुष्कळ जण कोणत्या ना कोणत्या संस्थेत सेवा करतात: शाळा, पतपेढी, मंडळ, ट्रस्ट, आरोग्य शिबिर. आपल्यालाही लहानसहान कवचे मिळालेली असतात. लोकांचा आदर हे एक कवच. “चांगले काम करतात” ही ख्याती दुसरे. गरीब माणसाला कोर्टाची पायरी परवडत नाही, हे तर सर्वांत मोठे. ही कवचे काम करता यावे म्हणून आपल्याजवळ आहेत. ज्याचे आपल्या हातून नुकसान झाले, त्याच्यापासून लपण्यासाठी ती वापरायची नाहीत. आपल्या संस्थेकडे कोणाची अशी जुनी तक्रार पडून असेल, तर येत्या बैठकीत ती पहिल्या क्रमांकावर घेऊया आणि शक्य झाले तर बैठकीच्या आधीच त्या घराचे दार ठोठावूया.